कपडा खुंटीवर टांगून मग नियम लिहा

प्रश्न: आमची सहकारी बँक आहे. काउंटरवरच्या दोन मुलींच्या कपड्यांबद्दल ग्राहकांच्या दोन लेखी तक्रारी आल्या. त्यातली एक शाखाधिकाऱ्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये वाचूनही दाखवली. आता संचालक मंडळाला ड्रेस कोड हवा आहे. मसुद्यात वाक्य आहे, 'महिला कर्मचाऱ्यांनी शालीन, सभ्य व अंगभर पेहराव करावा.' त्यातल्या एका मुलीने मला विचारलं, "सीनियर मॅडम असाच कुर्ता घालतात, त्यांना कुणी काही बोलत नाही. मग नियम कपड्याला आहे की मला?" मला उत्तर सुचलं नाही. मसुदा कसा करावा? (प्रशासन अधिकारी)

उत्तर:

तुमच्या मसुद्यापेक्षा त्या मुलीचा प्रश्न जास्त नेमका आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुम्ही लिहिलेला नियम तिलाच आहे, कपड्याला नाही.

मी वकील आहे. कंपन्या, बँका, कॉलेजं यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते आणि सेवानियम लिहून देण्याचं कामही करते. त्यामुळे अशा वाक्यांची दोन्ही टोकं माझ्यासमोर येतात. मसुद्याच्या वेळी 'शालीन' हा शब्द कुणालाच खटकत नाही, सगळे माना डोलावतात. वर्ष-दोन वर्षांनी त्याच शब्दाचा आधार घेऊन कुणीतरी एका मुलीला केबिनमध्ये बोलावतं, आणि तिथे काय काय बोललं गेलं त्याचा जबाब समितीपुढे येतो. त्या जबाबात कुर्त्याबद्दल फार थोडं असतं. छाती, कंबर, "तुझ्या वयाला", "नवरा काही म्हणत नाही का", असंच बाकीचं सगळं.

कुणाला बोलावलं जातं हेही एव्हाना मला सवयीचं झालं आहे. अंगाने भरलेली मुलगी असेल तर ती पहिली. तोच कुर्ता, तेच माप, तोच गळा एखाद्या शिडशिडीत मुलीच्या अंगावर असला तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. मग नवी आलेली, कंत्राटी, घटस्फोटित, एकटी राहणारी. नोकरीत मुरलेली, मोठ्या घरातली किंवा साहेबांच्या ओळखीतली बाई या यादीत सहसा सापडत नाही, तिने स्लीव्हलेस घातलं तर ते 'स्मार्ट' असतं. तक्रार करणाऱ्यांत बायका कमी नसतात, हेही सांगून टाकते. "मी तिच्या भल्यासाठीच बोलले" हे वाक्य मी बायकांच्याच तोंडून जास्त ऐकलं आहे. त्यामुळे पेहराव समितीत दोन महिला घेतल्या की पक्षपात संपला, अशी समजूत मंडळाची असेल तर ती वेळीच दूर करा.

आता साडीचं बघा. सगळ्या ड्रेस कोडमध्ये साडी बिनशर्त मंजूर असते. सहावारीत पोट दिसतं, कंबर दिसते, ब्लाउजचा गळा मागून केवढा असावा यावर कुणी इंच लिहीत नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या असतात. पारंपरिक दिवसाला एखादी काष्टा घालून आली की तिच्याभोवती फोटोंसाठी गर्दी होते आणि ते फोटो बँकेच्या ग्रुपवर पडतात. त्याच पोटऱ्या गुडघ्याखाली चार बोटं उतरणाऱ्या स्कर्टखाली दिसल्या तर पत्र येतं. अंग किती झाकलं हा निकष खरोखर लावला तर साडी पहिली बाद होईल आणि जीन्सवर सैल शर्ट पहिला पास होईल. तसं कुणीच करत नाही, कारण आपण अंग मोजत नसतो. ही बाई आपल्यातली, आपल्या चौकटीतली आहे की नाही, हे तपासत असतो. या तपासणीला कपडा हे निमित्त.

दुपट्ट्यावर जरा थांबते, कारण हा सगळा घोळ एका दुपट्ट्यात दिसतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालय आणि शासकीय कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाचं परिपत्रक काढलं. जीन्स-टीशर्टला मनाई, आठवड्यातून एकदा खादी, वगैरे. महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट, आणि 'आवश्यक असल्यास' दुपट्टा. त्या दोन शब्दांपाशी माझ्यासारखीची पेन्सिल थांबते. आवश्यक आहे की नाही हे कुणी ठरवायचं? कशाकडे बघून? उत्तर उघड आहे आणि ते लिहायला कुणीच धजत नाही. दुसरीकडे आमच्या वकिलांचा पेहराव बार काउन्सिलच्या नियमांत दिला आहे. तिथे महिलांसाठी साडी आहे, लांब स्कर्ट आहे आणि सलवार-कुर्ता 'दुपट्ट्यासह किंवा दुपट्ट्याशिवाय' आहे. विषय मिटला. काळा कोट, पांढरी पट्टी, फिक्या रंगाचं बिनछापाचं कापड, एवढंच बघायचं. उच्च न्यायालयाच्या शिस्तीला दुपट्ट्यावाचून बाध येत नाही, तर ठेवींच्या काउंटरला येण्याचं कारण नाही.

तिसरं उदाहरण कारखान्याचं. १९४८ च्या कारखाना अधिनियमात चालू यंत्राजवळ तपासणी, तेलपाणी करणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, अशी तरतूद होती. (तिथे फक्त 'प्रौढ पुरुष कामगार' धरला होता, तो वेगळ्या भांडणाचा विषय.) भोसरी-चाकणच्या कुठल्याही सेफ्टी ऑफिसरला विचारा, यंत्राच्या जवळ सैल ओढणी म्हणजे जिवाला धोका. म्हणजे एकाच शहरात एका छताखाली दुपट्टा नाही म्हणून मुलीला बोलणी बसतात आणि दुसऱ्या छताखाली दुपट्टा आहे म्हणून तिला मशीनजवळ जाऊ देत नाहीत. कारखान्याच्या नियमाला कारण आहे, ते कारण सांगता येतं, आणि पुरुषाच्या गळ्यातल्या गमछालाही ते तसंच लागू पडतं. चांगल्या नियमाची ओळख मला तरी यापेक्षा सोपी सांगता येत नाही.

तुमच्या मंडळावर कुणी म्हणेलच, "अहो, पण ग्राहकाला खटकलं ना?" यावर कायद्यात मोठा वाद होऊन गेला आहे. अश्लीलता ठरवायला आपल्याकडे कितीतरी वर्षं १८६८ च्या हिकलिन या इंग्लिश खटल्यातली कसोटी वापरली जात होती. ढोबळपणे सांगायचं तर, ज्याचं मन चटकन चळतं अशा माणसावर काय परिणाम होईल ते बघायचं आणि त्यावरून सगळ्यांसाठी ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात ती कसोटी बाजूला ठेवली आणि आजच्या समाजातला सर्वसाधारण माणूस काय समजेल ते बघा, असं म्हटलं. न्यायालयातून हिकलिन गेला, पण ऑफिसांत अजून ठाण मांडून बसला आहे. शंभर ग्राहकांतल्या ज्या एकाचं लक्ष विचलित झालं, त्याच्या मनाची स्थिती हा तुमच्या मसुद्याचा पाया आहे. उरलेल्या नव्व्याण्णवांना पासबुक भरून हवं होतं, ते घेऊन ते घरी गेले.

नागपूरजवळचं प्रकरण मंडळाला जरूर सांगा, आपल्याच राज्यातलं आहे. मे २०२३ मध्ये उमरेडजवळच्या एका रिसॉर्टवर पोलिसांनी छापा घातला. मुली तोकड्या कपड्यांत नाचत होत्या, म्हणून अश्लील कृत्याचा गुन्हा नोंदवला. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. असे कपडे सेन्सॉरने मंजूर केलेल्या चित्रपटांत, सौंदर्यस्पर्धांत सर्रास दिसतात हे न्यायालयाने नोंदवलं, आणि काय अश्लील हे ठरवणं पोलीस अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मतावर सोडायला नकार दिला. हा निकाल बँकेच्या ड्रेस कोडवर थेट लागू होत नाही. फौजदारी गुन्हा वेगळा, नोकरीतली शिस्त वेगळी, आणि कामाच्या गरजेनुसार पेहराव ठरवायचा अधिकार तुम्हाला नक्कीच आहे. पण एका अधिकाऱ्याच्या नजरेवर निवाडा सोपवण्यातली अडचण दोन्हीकडे तीच आहे.

आणि ही नजर न्यायाधीशांनाही चुकलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कोळिकोडच्या सत्र न्यायालयाने एका लैंगिक छळाच्या प्रकरणात जामीन देताना तक्रारदार महिलेचे कपडेच उत्तेजक होते असं लिहिलं. आरोपीने तिचे फोटो जोडले होते, ते पाहून. केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जामीन कायम ठेवला, पण तो शेरा काढून टाकला. बाईचे कपडे हा तिच्यावर हात टाकायचा परवाना होत नाही, असा त्याचा आशय. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की त्याआधीच मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपर्णा भट प्रकरणात सगळ्या न्यायालयांना बजावलं होतं की जामिनाच्या आदेशात पीडितेचा पेहराव, वागणूक, पूर्वायुष्य यांची चर्चा येता कामा नये. आदेश लिहायचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातून दीड वर्षाच्या आत हे होतं, तर शाखाधिकाऱ्याच्या हातात 'शालीन' हा शब्द देऊन तो तटस्थपणे वापरेल अशी आशा कशाच्या भरवशावर करायची?

जास्त कपड्यांचंही तसंच. चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, बुरखा, टोपी, बॅज यांना वर्गात मनाई केली. उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली, वर्गातल्या बुरख्यापुरती मात्र नाही. सुनावणीत खंडपीठाने विचारलं होतं, मग टिळा आणि टिकली यांचं काय करणार? आणि धर्माचा संबंधच नको असेल तर खेळाचं घ्या. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाला युरोपच्या हँडबॉल महासंघाने १५०० युरो दंड केला, कारण त्यांनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या. पुरुष संघ शॉर्ट्सच घालत होते. गवगवा झाल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच वर्षी नियम बदलला. कुठे झाकलं म्हणून, कुठे उघडं म्हणून. दंड भरणारं माणूस मात्र बदललं नाही.

देवस्थानांच्या पेहरावाबद्दल मी इथे काही म्हणत नाही. तिथे माणूस भक्त म्हणून जातो, पगारावर नाही.

तर मसुदा. ड्रेस कोड करूच नका, असं मी म्हणणार नाही. लेखी नियम नसला की ज्याच्या त्याच्या मर्जीचा नियम चालतो, तो जास्त वाईट. मी एक साधी परीक्षा लावते: कपडा खुंटीवर टांगलेला असताना नियम तपासता आला पाहिजे. बाही आहे की नाही, कापडावर मजकूर छापलाय का, पँट पूर्ण लांबीची आहे की बर्मुडा, चप्पल घरातली रबरी आहे का, ओळखपत्र आहे का, हे खुंटीवरही कळतं. 'घट्ट', 'अंगप्रदर्शन करणारा', 'शोभेल असा', 'उत्तेजक' हे खुंटीवर कळत नाही. त्यासाठी कपड्यात बाई लागते आणि तिच्याकडे निरखून बघणारा कुणीतरी लागतो. ज्या नियमाच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्याच्या अंगाकडे टक लावून बघावं लागतं, तो नियमच छळाची पहिली पायरी आहे. तो मसुद्यातून काढा.

दुसरं, महिलांसाठी वेगळा परिच्छेद नको. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत पुरुषांसाठी एक ओळ असते, 'फॉर्मल शर्ट-पँट', आणि बायकांसाठी अर्धं पान. सगळ्यांसाठी एकच कलम लिहा, साधारण असं: 'ग्राहकांशी संबंध येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांनी बाही असलेला व मजकूर किंवा मोठं चित्र नसलेला शर्ट, टॉप, कुर्ता किंवा ब्लाउज, आणि पँट, सलवार, चुडीदार, स्कर्ट किंवा साडी यांपैकी पेहराव करावा. शॉर्ट्स, खेळाचे कपडे आणि घरगुती स्लिपर चालणार नाहीत. ओळखपत्र दर्शनी लावावं. डोक्यावरचं वस्त्र चालेल, चेहरा ओळखता यावा. गरोदरपण, आजार वा शारीरिक अडचण असल्यास कारणाचा तपशील न मागता सवलत दिली जाईल.' बस. पारलिंगी कर्मचारी उद्या रुजू झाला तरी यात खाडाखोड करावी लागणार नाही.

लेगिंग्जवरून तुमच्या मंडळात अर्धा तास जाणार, त्याची तयारी ठेवा. माझं मत, कुर्त्याखाली चालू द्या. नकोच असेल तर नाव घेऊन 'लेगिंग्ज चालणार नाहीत' असं लिहा, म्हणजे सीनियर मॅडमनाही ते लागू होईल. लागू होणार म्हटल्यावर बहुतेक वेळा तो आग्रह मावळतो, हा माझा अनुभव. कुर्त्याची लांबी, गळ्याची खोली इंचांत लिहू नका. लिहिलं की मोजावं लागतं.

गणवेश करून टाकू, असंही कुणी सुचवेल. गणवेश वाईट नाही, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही, फक्त कापड एकसारखं होतं. एकाच थानातला कुर्ता दोघींच्या अंगावर वेगळा बसतो आणि शेरे फिटिंगवर सुरू होतात. तरी करायचाच असेल तर शिलाईसह खर्च बँकेने करावा, साडी आणि कुर्ता-पँट दोन्ही पर्याय ठेवावेत, निवड कर्मचाऱ्याची. सगळ्या महिलांना एकच साडी आणि पिना लावण्यात गेलेली सकाळ, हे काउंटरवर आठ तास उभं राहणाऱ्या मुलीला विचारल्याशिवाय ठरवू नका.

अंमलबजावणीचं काम एकाच माणसाला द्या, शाखाधिकाऱ्याला नको. शाखाधिकारी तिचा गोपनीय अहवाल लिहितो. बोलायचं ते एकट्यात, दार उघडं ठेवून, एका वाक्यात: 'नियमाप्रमाणे बाही हवी, उद्यापासून लक्षात ठेवा.' कपड्याचं वर्णन नाही, अंगाचं तर नाहीच. "चांगल्या घरातली वाटतेस" ही सुरुवात नाही. फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचं नाही, घरी पाठवून पगार कापायचा नाही. महिन्याभराने नोंदवही बघा. सगळ्या सूचना दोन-तीन मुलींनाच गेलेल्या दिसल्या आणि एकाही पुरुषाला नाही, तर दोष मुलींच्या कपाटात शोधू नका.

ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर द्या, ते तुमचं कामच आहे. उत्तर दोन ओळींचं: कर्मचाऱ्याचा पेहराव बँकेच्या नियमांत आहे, सेवेबाबत काही अडचण असल्यास कळवा. पुष्कळदा अडचण दुसरीच निघते, चेक परत गेलेला असतो किंवा कर्जाची फाइल अडलेली असते. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात मालकाने सुरक्षित वातावरण द्यायचं म्हटलं आहे, आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही. म्हणजे काउंटरपलीकडच्या माणसाने मुलीला तोंडावर काही ऐकवलं तर तिला आत पाठवून पडदा टाकणं पुरेसं नाही. त्याला थांबवणं बँकेवर येतं.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट, ती मला सगळ्यात गंभीर वाटते. तक्रारपत्र स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. त्या पत्रात नेमकं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा प्रकरणांत मजकूर कसला असतो ते मी वर सांगितलं. मुलीच्या शरीराचं वर्णन असलेला मजकूर तिच्या सहकाऱ्यांसमोर मोठ्याने वाचणं, ही लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी आहे की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, ते तुमच्या अंतर्गत समितीचं काम आहे. तिला लेखी तक्रारीसाठी मीटिंगच्या तारखेपासून तीन महिने आहेत. पुरेसं कारण असलं तर समिती ते आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार कर असंही तिला सांगू नका आणि करू नको असंही नाही. समितीच्या अध्यक्षांचं नाव, फोन आणि ही मुदत एवढंच तिच्या हातात द्या. मूळ पत्र शाखेतून मागवून बंद पाकिटात स्वतःकडे ठेवा, त्याच्या झेरॉक्स फिरत असतील तर गोळा करा. ड्रेस कोडचा ठराव पुढच्या सभेत आला तरी चालेल. हे काम याच आठवड्यात करा.